तांदळाच्या डब्यातला फोन

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी शेजारचे काका मागच्या दाराने आले. हातात त्यांच्या परसातल्या वेलाचे दोन शूशू होते, फिकट हिरवे, अजून पावसाने ओले. वाक्वा हे मॉरिशसमधलं उंचावरचं गाव. तिथे पाऊस कधी सुरू झाला आणि कधी थांबला याचा हिशोब कोणी ठेवत नाही. मी व्हॅनिलाचा चहा टाकला. काकांनी शूशू ओट्यावर ठेवले, हात पुसले आणि टेबलावरचा माझा फोन उचलला. तापलेलं भांडं धरावं तसा दोन बोटांत धरला. मग फळीवरचा तांदळाचा डबा खाली घेतला, फोन तांदळात पार आत खुपसला, वर मूठभर तांदूळ सारले, झाकण घट्ट लावलं आणि झाकणावर पुसण्याचं फडकं चौघडी घालून ठेवलं. हे सगळं इतक्या शांतपणे केलं की मला काही विचारायला सुचलंच नाही. ते खुर्चीत बसले तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार. ते बोलले ते असं : उजवा गुडघा दोन दिवस धरलाय, नातवाची परीक्षा जवळ आली, टोमॅटो महाग झालेत, आणि या वर्षी लिची लवकर पिकेल असं झाडाकडे बघून वाटतंय. अर्ध्या तासाने कप धुऊन पालथा घालून ते निघून गेले. मी फोन बाहेर काढला. चार्जिंगच्या भोकात एक कणी अडकली होती, ती टाचणीने काढावी लागली.

मग लपवलं तरी काय?

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. त्या दिवसांत देशभर सगळ्यांचेच फोन संशयात होते. ‘मिस्ये मुस्तास’, म्हणजे मिशीवाले साहेब, अशा नावाने कोणीतरी रोज नवी ध्वनिफीत समाजमाध्यमांवर सोडत होतं. राजकारण्यांचे, पत्रकारांचे, पोलिसांचे, वकिलांचे फोनवरचे खासगी संवाद. सरकार म्हणालं, आवाज बनावट आहेत, यंत्राने घडवलेले आहेत. पण बसमध्ये, वाण्याच्या दुकानात, केस कापायच्या खुर्चीत बसून लोक ते ऐकत होते आणि आवाज ओळखत होते. तेच मला सगळ्यात विलक्षण वाटलं. आपल्याकडे एखाद्या मंत्र्याचं संभाषण फुटलं तर तो टीव्हीवरचा माणूस असतो. तिथे बाजूला बसलेली बाई कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, हा तर अमक्या शाळेत माझ्या भावाच्या वर्गात होता, लहानपणापासून असाच बोलतो.

बेट केवढं? लांबी पासष्ट किलोमीटर, रुंदी पंचेचाळीस. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा साधारण चौथा हिस्सा आणि माणसं साडेबारा लाख. मी चिपळूणची, त्यामुळे सगळ्यांना सगळं माहीत असणं म्हणजे काय ते मला कळतं. पण चिपळूणच्या वर मुंबई आहे, मुंबईच्या वर दिल्ली. आमचं बोलणं, आमची तक्रार वर जाता जाता कुठेतरी विरून जाते, आणि त्या विरण्यातही एक सुटका असते. तिथे वर काहीच नाही. खाजण संपलं की समुद्र, तसं गाव संपलं की थेट सरकार. मयताला मंत्री येऊन मागच्या रांगेत बसलेला मी पाहिला आहे आणि त्याच्याकडे वळून कोणी बघितलंही नाही. भेटल्यावर लोक विचारतात, “की नूवेल?” म्हणजे काय बातमी. उत्तर ठरलेलं, “कोरेक.” सगळं ठीक. पहिले काही महिने मला हा नुसता नमस्कार वाटायचा. नंतर लक्षात आलं, प्रश्न खरोखरचा असतो. उत्तर मात्र ठरवून बेतलेलं असतं.

आम्ही तिथे पोहोचलो २०२४च्या जानेवारीत, नवऱ्याच्या एबेनमधल्या कामासाठी. एक वर्षाचा मुक्काम. सामानात आईने दिलेला तिळगूळ होता. संक्रांत त्या वर्षी १५ जानेवारीला आली आणि त्याच दिवशी बेलाल हे चक्रीवादळ. तिथे वादळाच्या सूचनेला इयत्ता असतात, पहिलीपासून चौथीपर्यंत, आणि लहान मुलंसुद्धा ‘आज क्लास दोन आहे’ असं पाढ्यासारखं म्हणतात. त्या सोमवारी सकाळी लोक कामावर गेले होते. दुपारपर्यंत पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी कागदाच्या होड्यांसारख्या वाहत होत्या. आमच्या घराच्या काचा थरथरत होत्या, वीज गेली होती, आणि फोनवर आई एकच प्रश्न विचारत होती, “पाणी कुठवर आलं?” २०२१च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हापासून आमच्याकडे हा प्रश्न पहिला येतो. त्या पुरानंतर आमच्या घरातले सगळे भिजलेले फोन आम्ही तांदळाच्या पिंपात घालून ठेवले होते. दोन वाचले, दोन गेले. काकांनी माझा कोरडा फोन तांदळात खुपसला तेव्हा क्षणभर मला तेच पिंप दिसलं, वरपर्यंत आलेला गाळाचा वासही नाकात भरला.

वारा उतरल्यावर काका पहिल्यांदा घरी आले, हातात मेणबत्त्या आणि पावाची लादी. गल्ली त्यांना तोंतों म्हणते, मी काका म्हणू लागले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, बसमध्ये कंडक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. मी तिळगुळाची वडी हातावर ठेवून ‘गोड बोला’ म्हटलं तर ते थबकले. म्हणाले, हे माझी आजी म्हणायची. त्यांच्याकडे मराठी एवढीच होती : आरत्या, आकडे, नात्यांचे शब्द आणि अशी अर्धी अर्धी वाक्यं. बाकी तिथली बोली क्रेओल, आणि माझ्यासाठी थोडी भोजपुरी वळणाची हिंदी. दुसऱ्या दिवसापासून रेडिओवर वादळाचाच पंचनामा सुरू झाला. इशारा उशिरा का दिला, कचेऱ्या वेळेवर का सोडल्या नाहीत. लोक फोन करून थेट प्रसारणात भांडत होते आणि हवामान खात्याच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. काका रेडिओ मोठा करून ऐकत होते. स्वतःचं मत मात्र एका शब्दानेही सांगत नव्हते.

वर्ष पुढे सरकलं ते सुट्ट्यांच्या पायऱ्यांवरून. वाण्याने दिलेलं कॅलेंडर मी फ्रिजवर लावलं होतं. तमिळांचं कावडी, चिनी नववर्ष, १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याचा दिवस, महाशिवरात्र, उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ. या सुट्ट्या नुसत्या विश्रांतीच्या नाहीत. कोणाला किती जागा मिळाली याचं ते उघड मांडलेलं गणित आहे, आणि ते बिघडू नये म्हणून सगळे जपतात. तिथली नोट हातात घेतली की दिसतं, इंग्रजीखाली तमिळ, मग हिंदी. १९९८मध्ये हिंदी वर आणि तमिळ खाली अशा नोटा छापल्या गेल्या तेव्हा एवढा क्षोभ झाला की त्या नोटा परत घ्याव्या लागल्या. कोणाला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटलं नाही. ज्यांच्या पणजोबांना जहाजातून उतरवताना नावाऐवजी आकडा दिला गेला, त्यांच्या नातवंडांना आपल्या ओळीची जागा महत्त्वाची वाटणारच. निवडणुकीला उभं राहताना उमेदवाराला आपला समाज नोंदवावा लागतो : हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि उरलेले सगळे ‘सामान्य लोकसंख्या’. मराठी माणूस या वहीत हिंदूंमध्ये जातो, पण मंडळ, देऊळ, शाळेतली भाषा वेगळी ठेवतो. आणि या सगळ्याच्या तळाशी एक क्रेओल शब्द आहे, ‘नू बान’. आपली माणसं. मत मागताना हळू आवाजात तो वापरतात. काकांना तो शब्द अजिबात आवडत नसे. कोणी बोललं की ते चप्पल घालून उठत.

महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात सगळं बेट गंगा तलावाकडे चालत होतं. आमच्या रस्त्यावरूनही कावडी जात होत्या, बांबूच्या, काचेच्या, रंगीत कागदांच्या, काही इतक्या उंच की चाकांवर ढकलत न्याव्या लागत. गल्लीतल्या बायका टेबल मांडून पाणी आणि फळं देत होत्या, मीही उभी होते. ३ मार्चला अशाच एका रथाचा वरच्या विजेच्या तारांना स्पर्श झाला, आग लागली आणि सहा यात्रेकरू गेले. त्या रात्री आमच्या रस्त्यावर चालणाऱ्यांची पावलं तेवढी ऐकू येत होती. भजन बंद, कर्णे बंद. मग नऊ दिवसांनी १२ मार्च, स्वातंत्र्याचा दिवस. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू पाहुण्या होत्या, आणि भारतीय मुळाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं, कार्ड मिळेल ही घोषणा तेव्हाच झाली. काकांनी बोटांवर पिढ्या मोजल्या. आपण पाचवे, नातू सातवा. “बरोबर काठावर,” असं काहीतरी म्हणाले आणि बराच वेळ बोट तिथेच धरून बसले.

त्याच सुमारास मला भारताच्या वतीनं उत्तरं द्यावी लागू लागली. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, २९ तारखेला, मॉरिशसच्या अगालेगा बेटावरच्या धावपट्टीचं आणि जेटीचं उद्घाटन झालं. भारताने बांधलेली, तीनेकशे वस्तीच्या बेटावर तीन किलोमीटरची धावपट्टी. पुऱ्या घ्यायला गेले की धालपुरीवाला विचारायचा, “तुमची विमानं तिथे काय करणार?” विचारण्यात राग नव्हता, पण तो हसतही नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे शागोस बेटांमधलं दिएगो गार्सिया होतं. त्या बेटांवरची दीड-दोन हजार माणसं १९६८ ते १९७३ या काळात उचलली, बहुतेकांना इथे पोर्ट लुईच्या धक्क्यावर आणून सोडलं, त्यांची घरं गेली, कुत्री मारली गेली, आणि तिथे अमेरिकेचा तळ उभा राहिला. त्या माणसांमधल्या म्हाताऱ्या कशाने गेल्या असं विचारलं तर लोक एकच शब्द सांगतात, ‘सागरें’. दुःख. आजार म्हणून सांगतात. मी त्या धालपुरीवाल्याला काय सांगणार होते? मी गरम पुडी हातात धरून उभी राहिले आणि पुढच्या वेळी दुसऱ्या गाडीकडे गेले. याची मला आजही बोच आहे.

मग गणपती.

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी असते, विसर्जनाच्या. २०२४ साली ती ८ सप्टेंबरला, रविवारी आली. १८९६मध्ये जवळच्या हेन्रिएटा गावात एका मराठी कुटुंबाने पहिला गणपती बसवला असं तिथे सांगतात. काकांच्या मंडळाचा गणपतीही त्याच बाजूच्या नदीवर जायचा. सकाळपासून धुकं होतं. नऊवारी नेसलेल्या बायका, त्यातल्या निम्म्यांना मराठी बोलता येत नाही, पण कासोटा बघावा तर आमच्या मावशीसारखा नीट. ढोलकी सुरू झाली आणि माणसं गोल करून नाचू लागली. ते त्याला झाकरी म्हणतात. मी दोन ठेके ऐकले आणि पायच पुढे गेले. ही तर आमची जाखडी. गणपतीत आमच्या अंगणात येणारा तोच नाच, तोच एक पाय मागे घेऊन झुकणं, तीच शेवटाला उंच जाणारी हाळी. शब्द घासून गुळगुळीत झालेले, अर्धे कळत नव्हते. तरीही रडू आलं, आणि काकांनी न बघितल्यासारखं करून माझ्या हातात टाळ दिले. नदीचं पाणी बर्फासारखं होतं. मूर्ती सोडताना काका पाण्यात कमरेपर्यंत उतरले, तोच उजवा गुडघा घेऊन, आणि ‘पुढच्या वर्षी लवकर या’ हे वाक्य त्यांनी एकही स्वर न चुकता म्हटलं.

संध्याकाळी परत येताना गाडी खोळंबली. रस्त्याच्या कडेने माणसांची रांग चालली होती, पाठीला पिशव्या, हातात पाण्याच्या बाटल्या, काहींच्या खांद्यावर झोपलेली मुलं. मला वाटलं दुसऱ्या गावचं विसर्जन असेल. पण ते सगळे सेंत-क्र्वाला निघाले होते, पेर लावाल यांच्या समाधीकडे. हे फ्रेंच पाद्री ९ सप्टेंबर १८६४ला वारले, आणि दरवर्षी आदल्या रात्री बेटाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून लोक चालत तिथे पोहोचतात. नुसते ख्रिस्ती नाहीत. आमच्याच मंडळातल्या एका सुनेने गाडी थांबवायला सांगितली, नऊवारीवर स्वेटर घातला, पायातल्या वहाणा काढून बूट घातले आणि रांगेत शिरली. सकाळी गणपती पोहोचवला, रात्री पेर लावाल. तिला कोणी काही विचारलं नाही. मला पंढरीची वाट आठवली, पण ते मी कोणाला बोलून दाखवलं नाही. तिथे माझ्या आठवणीची गरज नव्हती. पाऊस सुरू झाला होता आणि ओल्या डांबरावर शेकडो बुटांचा चपचप आवाज येत होता.

ऑक्टोबरची ३ तारीख मला लख्ख आठवते. दुपारी रेडिओवर सांगितलं, शागोस बेटांवर मॉरिशसचं सार्वभौमत्व ब्रिटनने मान्य केलं, दिएगो गार्सियावरचा तळ मात्र राहणार. काका दारात आले, रेडिओ हातात धरूनच. मला वाटलं आनंदाने काही बोलतील. त्यांनी विचारलं, “पण त्या माणसांना विचारलं का?” नेमका हाच प्रश्न शागोसच्या कित्येक लोकांनी त्या आठवड्यात विचारला. दुसऱ्याच दिवशी संसद विसर्जित झाली आणि निवडणूक जाहीर झाली. मग एका रात्रीत गल्लीचं रूप पालटलं. विजेच्या खांबापासून खांबापर्यंत पताका, नारिंगी, लाल, जांभळ्या. कोपऱ्यावर प्रत्येक पक्षाचा ‘बाज’ उभा राहिला, म्हणजे मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, मोठ्या आवाजातली गाणी आणि संध्याकाळी बिर्याणी. चौदाव्या महिन्याचा पगार, म्हाताऱ्यांचं पेन्शन, फुकट बस, सगळं त्या बिर्याणीच्या वाफेत. वाक्वाच्या नगरपालिकेची शेवटची निवडणूक २०१५ साली झाली होती, त्यानंतर नुसत्या तारखा पुढे जात होत्या. हे मला काकांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या मुंबई महापालिकेचीही मुदत २०२२च्या मार्चमध्येच संपली आहे. त्यांना याचं फार नवल वाटलं. एवढी मोठी मुंबई आणि एवढंसं वाक्वा, दुखणं एकच. काका तिन्ही बाजमध्ये थोडा थोडा वेळ बसून येत. तिन्हीकडे खात.

आणि याच दिवसांत मिशीवाल्या साहेबांच्या ध्वनिफिती सुरू झाल्या आणि माझा फोन तांदळात गेला.

दिवाळी ३१ ऑक्टोबरला होती. काकांच्या ओट्यावर आणि आमच्या ओट्यावर पणत्या लावल्या, गल्लीतल्या मुस्लिम घरात आणि चिनी दुकानात मिठाईची ताटं पोहोचवली. तिथे दिवाळीत हे असंच होतं. सकाळी उठले तर समाजमाध्यमं बंद. दूरसंचार नियामकाने सगळ्या कंपन्यांना आदेश दिला होता, ११ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे मतदानाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत बंद ठेवा, कारण राष्ट्रीय सुरक्षा. ज्या देशाला आफ्रिकेतली आदर्श लोकशाही म्हणतात तिथे हे घडत होतं. मला राग येईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात पोटात गोळा आला. आईशी बोलताना पहिल्यांदा मी विचार करून वाक्यं बोलले. आणि लगेच मनात आलं, हे लोक कायमच असं बोलतात की काय? समोरच्या घरातला नातू मात्र दुपारपर्यंत घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या फोनवर बंदीला वळसा घालणारं व्हीपीएन बसवून देत होता. दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, सरकारने बंदी मागे घेतली. तो दिवस मजुरांच्या आगमनाचा. १८३४मध्ये याच तारखेला ‘ॲटलास’ जहाजातून पहिले छत्तीस करारबद्ध मजूर उतरले, त्याला त्या दिवशी बरोबर एकशे नव्वद वर्षं झाली. आप्रवासी घाटाच्या त्या सोळा दगडी पायऱ्या मी त्याआधी पाहिल्या होत्या. फार लहान आहेत. एका दमात चढून होतात. पुढे १९१०पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं या बेटावर उतरली, प्रत्येकाचा क्रमांक लिहून घेतला गेला, नंतर फोटोही. सरकारने माणसावर नजर ठेवण्याची सवय त्या बेटाला आजची नाही.

१० नोव्हेंबरला, रविवारी, काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सकाळी सातला शाळेवर गेले. तिथे एका मतदारसंघातून तीन जण निवडायचे असतात आणि तीनही फुल्या माराव्या लागतात, कमी मारल्या तर मत बाद. परत आल्यावर मी सहज विचारलं, कोणाला? ते म्हणाले, “वोट सेक्रे, मो तिफी.” मत गुप्त असतं, पोरी. काकींनाही सांगितलं नव्हतं, आणि काकींनी त्यांना. पन्नास वर्षांचा संसार, सगळ्या निवडणुका एकत्र पाहिलेल्या, आणि दोघांना एकमेकांचं एकही मत माहीत नाही. दुसऱ्या दिवशी हाताने मोजणी झाली. रेडिओवर एकेक मतदारसंघ येत गेला आणि गल्ली हळूहळू घराबाहेर आली. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांच्या आघाडीने जिंकल्या. आधी १९८२ आणि १९९५मध्ये असंच घडलं होतं, त्यामुळे म्हाताऱ्यांना शब्दच तयार होता, ‘स्वासांत-झेरो’, साठ-शून्य. मला धक्का बसला तो निकालाचा नव्हे. जिथे कोणाच्या सुनेला दिवस गेले हे तिच्या आईआधी पाववाल्याला कळतं, तिथे एवढी मोठी गोष्ट प्रत्येक घरात शिजत होती आणि कोणी कोणाला वाफ लागू दिली नव्हती. तिन्ही बाजमध्ये बिर्याणी खाऊन आलेली माणसं आतून केव्हाच ठरवून बसली होती.

त्या आठवड्यात मी काकांना विचारलंच. तुम्ही सरकारला भीत होता का? त्यांनी बराच वेळ चहात पाव बुडवला. मग १९६८ची गोष्ट सांगितली. स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, जानेवारीत, पोर्ट लुईत दंगल झाली तेव्हा ते अठरा वर्षांचे, एका शिंप्याकडे शिकत होते. दंगलीनंतर आख्ख्या गल्ल्यांनी घरं बदलली, इकडचे तिकडे गेले, तिकडचे इकडे आले. शिंपी मुसलमान, त्याच्या दुकानातलं यंत्र डोक्यावर घेऊन काका त्याला नव्या गल्लीपर्यंत सोडून आले आणि परत येताना त्यांना कळलं की आता आपण या रस्त्याने सहज येऊ शकणार नाही. १९९९मध्ये काया हा गायक पोलीस कोठडीत मेला आणि पुन्हा जाळपोळ झाली, तेव्हा त्यांच्या बसवर दगड पडले. फेकणारा मुलगा रोज त्याच बसने शाळेत जायचा. “सरकार पाच वर्षांचं,” ते म्हणाले, “शेजार मरेपर्यंत.” मत कोणाला दिलं हे एकदा कळलं की पुढच्या मयताला कोण कुठे बसणार ते ठरतं. म्हणून बोलायचं नाही.

मी म्हटलं, पण त्या दिवशी तुम्ही मताबद्दल बोललाच नाहीत. गुडघ्याबद्दल बोललात. त्यासाठी फोन कशाला लपवला?

काका म्हणाले, “गुडघा माझा आहे.”

यावर मी अजून विचार करते. २३ नोव्हेंबरला महाराष्ट्राचा निकाल लागला तेव्हा मी दिवसभर फोनवर होते. नातेवाइकांच्या गटात कोण कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक, दोन चुलतभाऊ एकमेकांना नको ते बोलले, एकजण गट सोडून गेला. काका विचारत होते, कोण जिंकलं? मी सांगितलं. मग विचारलं, तुझ्या घरचे खूश आहेत का? मला उत्तर देता येईना. आमच्याकडचं मोकळं बोलणं मला प्रिय आहे, त्यावरच मी वाढले. आणि तरी त्या दुपारी मला काकांच्या घरातल्या त्या पन्नास वर्षांच्या गुप्ततेचा हेवा वाटला. लगेच दुसरंही वाटलं, की ज्यांना विचारल्यावाचून घरातून उचलून जहाजात घातलं ती शागोसची माणसं, त्यांचं काय? तिथे किती वर्षं सगळे ‘कोरेक’ म्हणत राहिले? दोन्ही वाटणं खरं आहे. एकाने दुसरं खोडलं जात नाही.

डिसेंबरात गुलमोहर पेटले. लिची खरंच लवकर आली. आमचं सामान बांधून होत आलं होतं तेव्हा काका एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत, तिथून त्यांनी पूर्वजाच्या नोंदीचा उतारा आणला होता, नातवाच्या कार्डासाठी. क्रमांक, जहाज, वडिलांचं नाव, मुंबई बंदर, जिल्हा रत्नागिरी. आणि गावाच्या रकान्यात कोण्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं काहीतरी, जे ‘कुर्दा’ किंवा ‘कुर्दन’ असं वाचता येत होतं. ते मला दाखवत काकांनी सवयीने फळीकडे हात नेला. डबा उघडला. मग थांबले. म्हणाले, “तुझी आई तिथली ना? लाव फोन.”

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आई म्हणाली, कोण बोलतंय, काय म्हणताहेत, जरा मोठ्याने. काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. पलीकडे आईने बाबांना विचारलं, बाबांनी आणखी कोणालातरी हाक मारली, भांडी वाजली, आमचा कुत्रा भुंकला. मग आई म्हणाली, “कुर्धे असेल हो, पावसच्या बाजूचं. नाहीतर कुरधुंडा, ते संगमेश्वराकडे.”

“पुन्हा सांगा,” काका म्हणाले. मराठीत म्हणाले.

आईने पुन्हा सांगितलं. काकांनी फोन दोन्ही हातांत धरला, तोंडाजवळ नेला, आणि दोन्ही नावं आळीपाळीने म्हणून बघू लागले. कुर्धे. कुरधुंडा. कुर्धे. दार उघडं होतं, रस्त्यावरून माणसं जात होती. आवाज सगळ्या गल्लीत जात होता.